दोनदा पुसलेली काच

सणाच्या दिवशी संत सेबास्तियनच्या अवशेषाजवळ रुमाल घेऊन उभं राहायचं, हे माझं काम. बावीस वर्षं झाली. फादर चांदीची डबी हातात धरतात. डबीच्या काचेमागं संताच्या हाडाचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा. लोक रांगेनं येऊन काचेला ओठ टेकवतात, मी काच पुसते, पुढचा येतो. मोहोपाड्याच्या कॉलनीतल्या पोरी मला टरकून असतात. लिपस्टिक लावून कुणी आली की तिथल्या तिथं पुसायला लावते. स्वच्छतेचं मला भारी वेड, आणि त्यानंच घात केला.

चिमा आमच्या चर्चची झाडलोट करायची. डोंगराखालच्या कातकरवाडीतली, सासऱ्याच्या वेळेपासून ख्रिस्ती. बाप्तिस्म्याचं नाव अन्ना, पण त्या नावानं हाक मारली तर बाई वळून बघायची नाही. झाडून झालं की लाकडाच्या मोळ्या विकायला जायची. अंगाला कायम चुलीचा धूर. नवरा हिरू वीटभट्टीवर गेला, तो तिकडंच वारला. मागं एकच लेक, जनी. स्वतः फाटकं नेसून चिमानं तिला बारावीपर्यंत शिकवलं. कॉलेजला जाताना जनीची पिवळी ओढणी वाऱ्यावर उडायची आणि ही खुळी झाडू हातात धरून बघत बसायची.

त्या जनीला रक्ताचा आजार, सिकलसेल. तो बळावला. दवाखान्यात रक्त चढवलं की चार दिवस बरी, पुन्हा अंथरूण. गेल्या वर्षीच्या सणाला चिमा ती ओढणी घेऊन आली.

"जनीला चालवत नाय, बाय. ही तेवढी संताला लावते, मंग तिच्या अंगावर टाकते."

"लाव की. त्यात विचारतेस काय? रांगेत लाग," मी म्हटलं.

आणि बाईसाहेब उभ्या राहिल्या सगळ्यांच्या शेवटी. दरवर्षीचंच ते. मला वाटायचं, आळशी मेली, हिला वेळेवर पुढं यायला काय होतं?

त्या दिवशी बाहेरचे पाहुणे आले होते. मिस्सेची प्रार्थना लांबली, मांडवात जेवण निवत होतं. डबी धरून फादरांचा हात भरून आला. त्यांनी मला विचारलं, "झाले का सगळे?"

मी बघितलं. खांबाजवळ एकटी चिमा उरली होती, ओढणी दोन्ही हातांवर धरून.

"हो फादर, झाले," मी म्हटलं.

का म्हटलं? तर चिमा काय, आपलीच, रोज इथंच असते! पाहुणे खोळंबलेत, त्यांचं आधी बघू. डबी कपाटात गेली, कुलूप लागलं. ती वर्षातून एकदाच बाहेर निघते, हे मला काय ठाऊक नव्हतं?

"पुढच्या वर्षी लाव गं," मी तिला म्हटलं.

"बरं बाय," म्हणाली, आणि मांडवातल्या पत्रावळी गोळा करायला गेली.

ईस्टरच्या आधीच जनी गेली. विसाव्या वर्षी. ओढणीनं ती वाचली असती असं मी म्हणत नाही. पण तिच्या आईला तसं वाटत होतं, आणि ते मी होऊ दिलं नाही. वर दफनभूमीत मीच रडत चिमावर डाफरले, "कशाला गं शेवटी उभी राहतेस दरवर्षी? पुढं असतीस तर लागली असती ना ओढणी!"

चिमा रागावलीसुद्धा नाही. म्हणाली, "पैली पुढंच यायची मी, बाय. तू सगळ्यांच्या मागं काच एकदा पुसायचीस. माज्या मागं दोनदा. मंग मीच मागं ऱ्हायले. म्हनलं, लोकांना किळस नको."

मला आठवेना. देवाशपथ आठवेना. माझ्या हातांनी वर्षानुवर्षं हे केलं आणि मला त्याचा पत्ताही नाही!

यंदा सणाला मी तिला हाताला धरून रांगेच्या तोंडाशी आणली. रुमाल मुद्दाम वेदीवर ठेवून दिला. ठरवलं होतं, चिमानं ओठ टेकवले की न पुसता तिच्या मागून मी टेकवायचे. लोकांना काय बोलायचं ते बोलू दे.

चिमानं ओठ टेकवले. मी पुढं वाकले, तेवढ्यात तिनं कमरेला खोचलेली पिवळी ओढणी काढली आणि काच पुसली. एकदा. मग पुन्हा एकदा.

"अगं नको गं, राहू दे," मला रडू आवरेना.

"पुसते बाय. लोकं हायत मागं."

मग हातातल्या ओढणीकडं बघत ती तशीच उभी राहिली. मागची रांग थांबली, फादर थांबले.

"लागली गं संताला," ती मला म्हणाली. "आता कुनाच्या अंगावर टाकू?"