मंजुळाआत्याच्या हिरड्या

माझ्या मंजुळाआत्याला लोक मर्यादशील म्हणायचे, त्याची मला अजून चीड येते. काय तर म्हणे, चारचौघांत तोंडावरचा पदर ढळू देत नाही, हसली तरी दात दिसत नाहीत. लग्नकार्यात आम्हा पोरींना तिचं उदाहरण दिलं जायचं. डोंबलाची मर्यादा! तिच्या हिरड्या सुजून लालभडक झाल्या होत्या, तोंडाला वास यायचा आणि ती शरमेनं अर्धमेली होत होती. पदराआड काय चाललंय हे बघायची कुणाला गरज वाटली नाही.

खरं तर आत्या लाजणाऱ्यातली नव्हतीच. पैठण तालुक्यातल्या आमच्या गावात तिची हाक अख्ख्या माळावर ऐकू जायची. आमचं घराणं मेंढरं राखणारं. मेंढीचं वय तिच्या दातांवरून कळतं, त्यामुळे बाजारात घेणारा आधी ओठ वर करून बघतो. पण दारातल्या मेंढीचा ओठ आमच्यात कुणी उगाच उचलत नाही. ओठ उचलला म्हणजे ती विकायला काढली.

दोन हजार बाराला पावसानं दगा दिला आणि आत्याचा सगळा कळप बाजारात गेला. व्यापारी एकेकीचा ओठ उचलत होता, ती बाजूला उभी राहून बघत होती. एका म्हाताऱ्या मेंढीच्या तोंडात बोट घालून तो म्हणाला, "हिचे दात हलले. ही कापायलाच जाईल." आत्या पाठ फिरवून उभी राहिली.

मग ती आणि तिचा नवरा, आमचे त्रिंबकमामा, शहरात आले. तेव्हाच्या औरंगाबादेत बीड बायपासच्या अंगाला जिकडं बघावं तिकडं इमारती उठत होत्या. गावं तहानेनं ओस पडत होती आणि शहर फुगत होतं. एका साइटवर आत्याला काम मिळालं ते नव्या भिंतींना आणि स्लॅबला पाणी मारायचं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. भिंत तहानली तर तडकते ना! त्यासाठी टँकर वेळेवर यायचा. मजुरांच्या वाट्याला मात्र पत्र्याच्या शेडमागचा एक ड्रम, आणि तोही दुपारी कोरडा पडायचा. त्यातून स्वयंपाक करायचा, प्यायचं, की चुळा भरत बसायचं?

त्यामुळे मिशरी. तंबाखू तव्यावर काळीठिक्कर भाजायची, कुटायची आणि बोटानं हिरड्यांवर घासायची. पाणी फारसं लागत नाही, भूक मरते, दुखणं बधिर होतं. आत्याची डबी कमरेला असायची. आधी सकाळी एकदा लावायची, तिथं दिवसभर लावायला लागली. भाकरीच्या तुकड्यावर रक्ताचा डाग दिसला, तेव्हा रक्त येतं त्या बाजूला तिनं घासणंच सोडलं आणि नुसती मिशरी दाबून ठेवू लागली. शेजारच्या शेडमधली भागूबाई वर सांगायची, "जरा जास्ती लाव, वढून घेती सगळं." मिशरीनं ओढून घेतलं खरं. पुढच्या दातांवरची हिरडी मागं सरकली आणि एक दात हलायला लागला.

मामांनी काय करावं? "तोंड तिकडं कर, वास येतोय," असं चारचौघांत म्हणाले. मी त्याच वेळी पाणी द्यायला पुढं झाले होते. तांब्या त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला. नंतर त्यांनीच तोड काढली. शहागंजच्या बाजूला रस्त्याकडेला एक दातवाला बसतो, तो सगळे दात उपटून कवळी बसवून देतो, एकदाची कटकट जाईल. बायको चाळिशीचीसुद्धा नव्हती आणि तिचं तोंड रिकामं करायला निघाले होते! आत्याही तयार झाली. वासानं तिला इतकं खाली पाडलं होतं.

माझे वडील वाळूजच्या कंपनीत होते, आम्ही शहरातच राहायचो आणि आत्याच्या शेडवर माझं येणंजाणं असायचं. मी तिला ओढतच दाताच्या सरकारी दवाखान्यात नेलं. रांग सरली, आत्या खुर्चीत बसली. सोनिया नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या, वयानं लहान. त्यांनी हातमोजे घातले आणि आत्याचा वरचा ओठ अंगठ्यानं उचलला.

आत्यानं त्यांचा हात फटकन उडवला. "मी काय बाजारातली मेंढी हाय व्हय?" असं ओरडून ती सरळ बाहेर. अख्खा दवाखाना बघत राहिला. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, की आमच्यात ओठ उचलण्याचा अर्थ काय होतो. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे. बाहेर येऊन त्यांनी आत्याच्या हातात आरसा दिला. "तुम्हीच उचला. मी लांबूनच बघते."

आत्यानं बराच वेळ आरसा तसाच धरला. मग ओठ वर केला. माळावरच्या प्रत्येक मेंढीचं तोंड जाणणारी ही बाई स्वतःच्या तोंडात पहिल्यांदाच बघत होती. सुजलेल्या, दाताच्या कडेनं जांभळट पडलेल्या हिरड्या, मुळाशी दगडासारखं पिवळं-काळं कीटण. "आगं बाई," ती म्हणाली, "असं जनावर मी दारात हुबं केलं नसतं."

मग खुर्चीत बसली. फक्त एक शंका होती. "साफ केल्यावर दात हालत्यात म्हणत्यात."

"दात कीटणामुळे हलतायत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते हिरडीखाली शिरलंय, तिथं घाण साठते आणि आतलं हाड झिजतं. झिजलं ते परत येणार नाही. पण इथंच थांबवता येईल. मागची एक दाढ गेलीच, बाकीचे वाचवायचा प्रयत्न करू." मिशरी बंद, मऊ ब्रशनं दोन वेळा दात आणि हिरडीची कड हलक्या हातानं घासायची, रक्त आलं म्हणून थांबायचं नाही, कोमट मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायच्या, नेमानं साफ करून घ्यायला यायचं. नुसत्या गुळण्यांनी भागणार नाही, हेही बजावलं.

मिशरी सुटताना आत्या वाघीण झाली होती. डोकं दुखायचं, मामांवर भांडी आपटायची. एक दिवस मला म्हणाली, "आता लई भूक लागती गं. ह्या मिशरीनं माझी भूकबी खाल्ली व्हती." ते ऐकून माझा संताप संताप झाला. बाई इतके महिने उपाशी होती आणि तिचं तिलाच कळलं नव्हतं.

पाण्याचा प्रश्न होताच. एका संध्याकाळी शेडमागचा ड्रम कोरडा होता, टँकर मात्र नुकताच येऊन गेलेला. आत्यानं स्लॅबच्या टाकीत तांब्या बुडवला. सुपरवायझर नानासाहेब धावत आला. "ए बाई! ते स्लॅबचं पाणी हाय!"

आत्यानं तांब्या खाली ठेवला. मला वाटलं, आता ऐकून घेणार. तिनं पदर खांद्यावर टाकला, त्याच्यासमोर गेली आणि सगळ्या मजुरांदेखत स्वतःचा ओठ स्वतःच्या बोटानं वर केला. "बघ! तुह्या भिंतीला तडा जाऊ नाय म्हणून मी दोन टाइम पाणी मारती. हितं तडा गेला तो दिसतो का तुला?"

नानासाहेबानं मान वळवली. आत्यानं तांब्या उचलला, चुलीवर पाणी कोमट केलं, मीठ टाकलं आणि तिथंच उभी राहून गुळण्या केल्या. दुसऱ्या दिवशी भागूबाईही तांब्या घेऊन टाकीपाशी आली. नानासाहेब मोबाइलमध्ये बघत राहिला.

दोन-तीनदा साफ करून झालं, हिरड्यांची सूज उतरली, रक्त थांबलं. पुढचा दात थोडा हलतो, पण आहे. डॉक्टरीणबाईंनी तो राहील म्हणून सांगितलं, त्या दिवशी मामाही सोबत होते. दवाखान्याबाहेर रस्त्यावर येताच आत्या कशावरून तरी मोठ्यानं हसली, माळावर हसायची तशी, तोंड उघडं टाकून. येणारेजाणारे वळून बघायला लागले. मामा कासावीस झाले.

"आगं पदर घे की. माणसं बघत्यात."

"बघू दे," आत्या म्हणाली. "इकायला नाय काढले."