अकरा नंबरचं रीळ

आमच्या वाचनालयात फाटकी पुस्तकं बांधून देणाऱ्या काकांना सगळे ऑपरेटर म्हणतात. पूर्वी ते समोरच्या थिएटरात मशीन चालवायचे. थिएटर बंद पडून अठरा वर्षं झाली. तिथे आता फर्निचरचं गोदाम आहे. नाव मात्र चिकटून राहिलं.

पुस्तक हातात घेतलं की ते आधी पानं मोजतात. शिवून झालं की परत मोजतात. पुठ्ठा चढवण्याआधी तिसऱ्यांदा. एखादं पान नसलंच, तर सुरुवातीच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहितात, 'पान ११३ नाही.'

मी साहित्याची पदवी घेऊन घरी बसले होते. घरी बसून बोलणी खाण्यापेक्षा वाचनालय बरं, म्हणून रोज तिथे जायचे. त्यातून आमची मैत्री झाली.

"काका, एवढं काय मोजता? नोटा आहेत का त्या?" मी एकदा विचारलं.

"नोट कमी आली तर माणूस ओरडतो," ते म्हणाले. "पान कमी आलं तर कुणी ओरडत नाही."

मला ते वाक्य आवडलं. वहीत लिहून ठेवलं. कळलं काहीच नव्हतं.

वाचनालयाला लागून एक घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. चार फुटांचं काउंटर, मागे एक स्टूल, पुढे एक स्टूल. पुढचं स्टूल ऑपरेटरकाकांचं. रोज संध्याकाळी काम आटपलं की ते तिथे जाऊन उभे राहायचे. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून कशात तरी वाकलेले असायचे. मान वर न करता म्हणायचे, "बस." मग काका बसायचे. अठरा वर्षं हे असंच चाललं होतं.

मे महिन्यात मी वाचनालयात एक बैठक ठेवली. ज्याने त्याने आपल्या मनात राहून गेलेल्या एका सिनेमाबद्दल बोलायचं. वीस खुर्च्या मांडल्या, सात माणसं आली. त्यात ऑपरेटरकाका, काकू आणि घड्याळजी. काकू पूर्वी त्याच थिएटरात तिकिटाच्या खिडकीवर होत्या. त्या म्हणाल्या, "मी एकही सिनेमा धड बघितलेला नाही. मी फक्त बघायला आलेली माणसं बघितली."

सगळे हसले. मग घड्याळजी उठले. ते कधी कुठे बोलत नाहीत.

"एका मास्तरचा सिनेमा होता," ते म्हणाले. "मुलगी मनाविरुद्ध लग्न करते. मास्तर तिच्या तोंडावर दार लावतो. आणि मग एकदम शेवट. मास्तर स्टेशनवरच्या बाकावर बसलाय. एकटा. पण चेहरा बघाल तर, इतका शांत! एक पाऊल पुढे गेला नाही, आणि तरी शांत."

ते थांबले. त्यांच्या मुलीचं सगळ्यांना ठाऊक होतं. तिनेही असंच लग्न केलं होतं. तीन तासांवरच्या गावात राहते.

"माझी मुलगी गेली त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. तिची चिठ्ठी आली होती, या म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसचं तिकीट मी काढलं होतं. आदल्या संध्याकाळी सहाच्या खेळाला हा सिनेमा बघितला. म्हटलं, आपण का वाकायचं? नाही गेलो. सव्वीस वर्षं झाली. जीव कासावीस झाला की मी तो चेहरा आठवतो. बस, एवढंच."

कुणी काही बोलेना. मग मी बोलले. मला ती शांतता भरून काढायची घाई झाली होती. मी म्हणाले की दार लावणं आणि शेवटचा बाक यांच्यामधलं सगळं दिग्दर्शकाने मुद्दाम गाळलं आहे. यालाच मौनाची ताकद म्हणतात. जे दाखवलेलं नाही तेच खरं कलाकृतीचं हृदय असतं.

ऑपरेटरकाका उठून बाहेर गेले. मला वाटलं, खोकला आला असेल.

मी शोधशोध करून तो सिनेमा मिळवला. घड्याळजींना सांगितलं, येत्या रविवारी वाचनालयात दाखवते. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "इस्त्रीचा शर्ट घालून येतो." मग ही बातमी घेऊन मी काकांकडे गेले. ते खळ ढवळत होते.

"काका, मास्तरचा सिनेमा मिळाला. अख्खा आहे."

काकांचा हात थांबला. "अख्खा म्हणजे?"

"म्हणजे पूर्ण. अजून मी बघितला नाहीये."

"मग बघ," ते म्हणाले. "दार लावल्यानंतरचं बघ."

मी तिथेच लॅपटॉप उघडून बघितलं. मास्तर दार लावतो. त्यानंतर शेवट येत नाही. त्यानंतर अकरा मिनिटांचा प्रसंग आहे. मास्तर मुलीच्या घरासमोर उभा. हातात तिची शाळेतली पाटी. कडी वाजवतो. कुणी येत नाही. पायरीवर बसतो. परत वाजवतो. खूप वेळाने दार उघडतं. ती काही बोलत नाही, पाटी घेते आणि बाजूला सरकते. त्याला आत येऊ देते. आणि मग स्टेशनवरचा बाक. तोच शांत चेहरा.

मी काकांकडे बघितलं. त्यांनी खळीचं भांडं बाजूला ठेवलं.

"अकरा नंबरचं रीळ," ते म्हणाले. "तीनच्या खेळाला मी ते लावलं आणि खाली तिकिटाच्या खिडकीवर गेलो. तुझ्या काकूशी बोलायला. तेव्हा ती काकू नव्हती. वर पट्टा निसटला. पडद्यावर सिनेमा नीट चालला होता, पण चालून झालेली फिल्म चकतीवर गुंडाळायच्या ऐवजी जमिनीवर पडत होती. जमिनीवर आगीसाठी पाण्याची बादली भरलेली असायची. निम्मी फिल्म बादलीत. मी आलो तेव्हा लगदा झाला होता. सोडवायला गेलो तर फाटली."

"मग?"

"मग काय. नोकरी गेली असती, लग्न राहिलं असतं. सहाच्या खेळाला दहाव्या रिळानंतर सरळ बारावं लावलं. अकरा नंबरच्या डब्यात जुन्या जाहिराती भरल्या. दोन आठवडे सिनेमा तसाच चालला. एकाने विचारलं, मी म्हटलं सेन्सॉरने कापलंय. बाकी कुणी ब्र काढला नाही."

"आणि घड्याळजी?"

"त्याच दिवशी आला. सहाच्या खेळाला. दुकान साडेपाचला बंद करून." त्यांनी खळ परत ढवळायला घेतली. "तीनला आला असता तर."

मौनाची ताकद, असं मी म्हणाले होते.

"त्यांना सांगायचं ना, काका!"

"सांगणार होतो. खेळ सुटल्यावर तो केबिनमध्ये आला. माझा हात धरला. म्हणाला, आज तुझ्या सिनेमाने माझी लाज राखली. आता बोल, काय सांगायचं?"

मग त्यांनी ते विचारलं. माझ्याकडे न बघता.

"तुझ्या त्या कॉम्प्युटरवर... तेवढं गाळता येतं का गं?"

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "बघते."

घरी जाऊन मी ते गाळलं. कॉम्प्युटरने एकदाही विचारलं नाही, का म्हणून. दार लागलं, आणि लगेच बाक. इतकं सफाईने जुळलं की माझं मलाच भय वाटलं. शनिवारी दुपारी पेन ड्राइव्ह काकांच्या हातात ठेवला. काकूही डबा घेऊन आल्या होत्या.

"किती वेळ लागला?" काकांनी विचारलं.

"दोन मिनिटं."

ते हसले. ते हसू बघवत नव्हतं. "मला ते रीळ लपवायला रात्रभर घाम फुटला होता."

काकूंनी डबा आपटला. "आता या पोरीलाही त्यात ओढलंत? तुमच्या त्या अकरा मिनिटांवर माझा संसार उभा राहिला, हे मी सव्वीस वर्षं गिळतेय. त्या माणसाने आपल्या मुलाच्या बारशाला घड्याळ दिलं होतं हो! उठा. आत्ता उठा."

काका उठले. मी मागोमाग गेले. का गेले, ठाऊक नाही. बहुतेक माझाही त्यात वाटा होता म्हणून.

घड्याळजी एका मनगटी घड्याळात वाकले होते. "बस," ते म्हणाले. "आज लवकर?"

काका बसले नाहीत. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पट्टा, बादली, जाहिराती भरलेला डबा. मधे एकदाही थांबले नाहीत. घड्याळजींनी भिंग काढलं नाही. चिमट्यात एक बारीक स्क्रू होता, तो तसाच धरून राहिले.

"काय होतं त्यात?" त्यांनी विचारलं.

काकांनी तेही सांगितलं. रीळ बिघडायच्या आधी त्यांनी ते केबिनच्या झरोक्यातून दहा दिवस, रोज तीन वेळा बघितलं होतं. मास्तर कसा उभा राहतो, कुठला पाय पुढे टाकतो, किती वेळा कडी वाजवतो. पाटी दोन्ही हातांनी कशी धरतो. दार कसं उघडतं.

"आणि शेवट? तो बाकावरचा?"

"तोच."

"म्हणजे तिला भेटून आला म्हणून तो शांत होता."

"हो."

घड्याळजींनी स्क्रू खाली ठेवला. "एवढी वर्षं का नाही बोललास?"

"आधी नोकरी जाईल म्हणून."

"नोकरी अठरा वर्षांपूर्वीच गेली की."

काकांनी रिकाम्या स्टुलावर हात ठेवला. म्हणाले, "मग तू 'बस' म्हणायचं बंद करशील म्हणून."

घड्याळजींनी भिंग काढलं. डोळ्याभोवती त्याचा गोल वण उमटला होता. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळांकडे बघितलं. सगळ्यांत तीनला दहा कमी होते.

"सिनेमा बघून कुणी मुलीला सोडत नाही," ते म्हणाले. "मला जायचंच नव्हतं बहुतेक. पण मला कारण लागत होतं, ते तू दिलंस. आता ते काढून घेतोयस. मी काय करू आता?"

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. त्यांनी दिवा मालवला, शटर ओढलं आणि बसथांब्याकडे चालू लागले. इस्त्रीच्या शर्टाशिवाय. काका फुटपाथवर उभे राहिले. मी पेन ड्राइव्ह परत मागितला. त्यांनी मुठीतून काढून दिला. घामाने ओला झाला होता.

रविवारची बैठक मी रद्द केली. गाळलेली प्रत पुसून टाकली. पुसायलाही दोन सेकंद लागले. जे बोलून बसले होते ते मात्र कुठे पुसता येईना.

सोमवारी संध्याकाळी दुकान उघडं होतं. काका वाचनालयाच्या दारातून तीनदा बघून आले. चौथ्यांदा मी म्हणाले, "काका, चला." आम्ही काउंटरसमोर जाऊन उभे राहिलो.

घड्याळजी वाकलेले होते. बराच वेळ गेला.

"जावयाने पाणी दिलं," ते आपणहून म्हणाले. "नात समोर येऊन उभी राहिली. बावीस वर्षांची आहे. मला आजोबा म्हणावं की काका, तिला कळेना. मुलगी आतल्या खोलीत होती. बांगड्या वाजत होत्या. आली नाही. शेवटची बस सुटेल म्हणून निघालो."

काकांची मान खाली.

"त्या रिळात," घड्याळजींनी विचारलं, "दार किती वेळाने उघडतं म्हणालास?"

"अकरा मिनिटांचं रीळ. नवव्या मिनिटाला."

घड्याळजींनी मान हलवली. जणू एखाद्या घड्याळाचं माप मिळालं होतं. "शनिवारी परत जातो," ते म्हणाले आणि पुन्हा कामात वाकले.

'बस' ते म्हणाले नाहीत.

पुढचं स्टूल रिकामं होतं. काका त्याच्या शेजारी उभे राहिले. दुकान बंद व्हायची वेळ होईपर्यंत उभेच राहिले. घड्याळजींनी त्यांना जा असंही म्हटलं नाही.