टरफलांवरून गेलेला मासा

आमच्या तळ्यावर फेब्रुवारीत गाव वसतं. बर्फ हातभर जाड झाला की माणसं आपापली खोपटी घसरत आणतात, आत बर्फाला करवतीनं दाराएवढं भोक पाडतात आणि अंधार करून बसतात. अंधारात बसलं की पाणी खालून उजळतं, हिरवंगार. खोपटाला खिडकी ठेवणाऱ्याला आमच्यात येडा समजतात.

त्या गावातलं एक खोपटं माझ्या वहिनीचं. तिचं नाव लिओकादिया, पण सगळे कादियाच म्हणतात. लग्न होऊन आली तेव्हापासून दर हिवाळ्यात ती त्या भोकावर भाला घेऊन बसली आणि दर हिवाळ्यात कोरडा भाला घेऊन घरी आली. तिला कुणी विचारलं, "काय गं, काय दिसलं?" की म्हणायची, "पाणी दिसलं. तुला ते तरी दिसलं का?"

स्टर्जन हा आमचा मासा. माणसाएवढा लांब, पाठीवर हाडांच्या ढाली, तोंडाखाली मिशा. तळाशी काळी सावली सरकावी तसा जातो, म्हणून तळ पांढरा करावा लागतो. कुणी बटाट्याच्या चकत्या टाकतो, कुणी मका. वहिनी अंड्यांची टरफलं टाकायची. रोमान ग्लोम्स्कीच्या दारूच्या दुकानात ती स्वयंपाकाला होती. शुक्रवारी तळलेला मासा आणि बाकी दिवस अंडी, असा तिथला बेत. वर्षभराची टरफलं ती धुऊन, वाळवून पोत्यात साठवायची.

या माशाची मादी वीस-पंचवीस वर्षांची होईपर्यंत अंडी घालत नाही. आमच्या बापजाद्यांना हे माहीत नव्हतं, आणि असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. वसंतात मासे नदीच्या उथळ पाण्यात चढायचे तेव्हा हे लोक गाडा भरून न्यायचे. मग एका वसंतात गाडा रिकामा आला, दुसऱ्याही वसंतात आला. तेव्हा मासे खात्यानं कायदा केला. परवाना काढायचा, त्या पैशातून पिल्लं वाढवून नदीत सोडायची. साऱ्या तळ्यात मिळून मासे मारायचे सहा. मासा मारला की त्याच क्षणी खोपटावर लाल फडकं बांधायचं. खात्याची माणसं येऊन बघणार आणि काठावरच्या खांबावर निशाण चढवणार. सहावं फडकं दिसलं की भोंगा, आणि भोंगा झाला की सगळ्यांनी भाले उचलायचे. मग तो दोन दिवसांनी होवो नाहीतर तासाभरात.

रोमानच्या दुकानात सभा भरली. गल्ल्याच्या वर खिळ्यांची रांग आहे. दोरीनं पाण्यात सोडलेल्या ज्या लाकडी माशाला भुलून खरा मासा भाल्याखाली आला, तो लाकडी मासा तिथं वर्षभर टांगायचा, हा आमच्याकडचा मान. त्या खिळ्यांखाली उभं राहून रोमान म्हणाला, "माझ्या बापानं कधी परवाना काढला नाही. मीही काढणार नाही."

सगळ्यांनी टेबलं वाजवली. तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून ओले हात पुसत बाहेर आली.

"तुझ्या बापानं काढला असता," ती म्हणाली, "तर आज मी मासा म्हणून समुद्रातला कॉड तळत बसले नसते. तोही पेटीतून आलेला."

"कादिया, सभा बाप्यांची आहे."

"असू दे की. खरकटं मात्र माझ्याकडे येतंय."

दुसऱ्या दिवशी तिनं परवाना काढला. गावात पहिला. लोक तिला 'सरकारची सून' म्हणायला लागले. माझा भाऊ काझिमिर तसा हट्टी, त्यानं मरेपर्यंत स्वतःच्या नावानं परवाना काढला नाही. पण देवदाराचं लाकूड आणून तिला एक मासा कोरून दिला. ट्रॅक्टरचा उरलेला हिरवा रंग दिला, शेपटीला कातड्याचा तुकडा ठोकला. म्हणाला, "परवाना तुझा, मासा माझा."

दर वसंतात वहिनी मासे राखायला नदीकाठी खुर्ची टाकून विणत बसायची. चोरून भाला घेऊन येणाऱ्याला लांबूनच त्याच्या आईच्या नावानं हाक मारायची. त्या हाकेनं निम्मे जण परत जायचे. उरलेल्यांसाठी खात्याला फोन होताच.

हळूहळू सगळेच परवाना काढायला लागले, रोमानही. पण त्याच्या मनातून ती सभा गेली नव्हती.

यंदाची गोष्ट. सकाळी भाले पाण्यावर आले आणि बघता बघता पाच निशाणं चढली. मी वहिनीच्या खोपटात होतो, भाल्याचा दोर धरायला. ती काझिमिरचा मासा दोरीनं हलकेच नाचवत होती. खाली टरफलं चांदण्यासारखी पसरलेली. आणि त्या चांदण्यावरून काहीतरी काळं, संथ, लांबच लांब जायला लागलं.

वहिनीनं भाला फेकला नाही. नुसता सोडला, हातातून मूल खाली ठेवावं तसा.

मग दोर कडकडला. आम्ही दोघं ओढत होतो, घसरत होतो, शिव्या देत होतो. मासा बर्फावर आला तेव्हा खोपटात मावेना. वहिनीनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि खिशातून लाल फडकं काढलं.

तेवढ्यात दार उघडलं. शेजारच्या खोपटातला रोमान, धापा टाकत.

"कादिया, थांब. माझ्या भोकाखालून आत्ताच एक गेला. लाकडी माशाला नाक घासून गेला गं! तो परत फिरणार. पाच मिनिटं ते फडकं खिशात ठेव."

"आणि मग?"

"मग काय, दोघं मिळून बांधू."

"सात होतील."

"सातव्यानं तळं आटणार आहे का?"

"आटलं होतं ना, रोमान. सातव्यानंच आटलं होतं. तेव्हा कुणी मोजत नव्हतं एवढंच."

"माझे गुडघे बघ. पुढच्या वर्षी मी येईन का बर्फावर?"

"माझे गुडघे तुझ्याच चुलीपुढे गेले. मी कुणाकडे पाच मिनिटं मागितली?"

रोमान लाल झाला. "माझ्या अंड्यांच्या टरफलांवर मारलास तो मासा!"

"मासा माझा. टरफलं तुझी, खरंय. तळाला आहेत, जा घेऊन."

"मग सोमवारपासून कामाला येऊ नकोस."

घरात वहिनीशिवाय कमावणारं कुणी नाही, हे मला ठाऊक, रोमानलाही ठाऊक. तिनं माशाकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळली.

"भाऊजी, स्टूल द्या जरा."

ती स्टुलावर चढली आणि खोपटाच्या आढ्याला फडकं बांधलं. दोन गाठी मारल्या.

भोंगा झाला. खोपटाखोपटातून माणसं बाहेर आली. कुणी थुंकलं, कुणी बर्फावर भाला आपटला. मासा ओढायला एकही हात पुढे आला नाही. आम्ही दोघांनीच तो काठापर्यंत नेला. खात्याच्या माणसानं तो मोजला, वय काढायला पराचं हाड कापून घेतलं. शहरातून बघायला आलेल्या एका बाईनं विचारलं, "इतका जुना जीव मारताना वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना," वहिनी म्हणाली. "म्हणून तर परवाना काढून, मोजून मारला. राखायला बसले होते तेव्हा तुम्ही दिसला नाहीत. आता खायला या रविवारी. येताना ब्रेड आणा."

सोमवारी ती कामाला गेली नाही. शुक्रवारी मात्र गेली, चर्चला घालायचा कोट घालून, पुढच्या दारानं. दुकान भरलेलं होतं आणि तळणाचा वास जळका येत होता.

रोमान गल्ल्यामागून म्हणाला, "इथं तुला काम नाही."

"कामाला कोण आलंय? गिऱ्हाईक आहे मी."

तिनं कोटाच्या आतून काझिमिरचा हिरवा मासा काढला. त्या खिळ्यांवर बाईमाणसाचा मासा कधी लागला नव्हता. रोमाननं गल्ल्यावर दोन्ही हात पसरले, वाट अडवल्यासारखे. वहिनीनं उंच खुर्ची ओढली, दुखऱ्या गुडघ्यांनी तिच्यावर चढली आणि त्याच्या डोक्यावरून हात नेऊन मासा टांगला. सहाव्या खिळ्यावर. जरा वाकडा लागला, तो सरळ केला.

"काढायचा असला तर आत्ता काढ," ती वरूनच म्हणाली. "मी बघतेय."

रोमाननं वर पाहिलं. मासा दोरीवर हळूहळू फिरत होता. दुकानात कुणी पेला उचलत नव्हतं.

"उतर आधी," शेवटी तो म्हणाला. "पडलीस तर माझ्या डोक्यावर पडशील."

"सगळ्यांना एकेक पेला," वहिनी म्हणाली, "माझ्या नावावर. मासा मारणाऱ्याचा तो मान आहे." मग ती उतरली, खिडकीजवळच्या टेबलाशी बसली आणि स्वयंपाकघराकडे नाक वळवून मोठ्यानं म्हणाली, "आणि ते तेल बदला कुणीतरी!"