मारुतीच्या माळेची रुई

बंगळुरातल्या येलहंक्याच्या सगुणाबाईंना राग यायला फारसा वेळ लागत नसे, पण त्या शनिवारी सकाळी त्यांचं डोकं साफ फिरलं. बागेतल्या पाचही रुईंवर औषधाला पान उरलं नव्हतं.

ही बाग म्हणजे पूर्वीचा उकिरडा. सहा वर्षांपूर्वी सगुणाबाईंनी गल्लीतली माणसं हाताशी धरून तो उपसला आणि इथलीच रानझाडं लावली. रुई मुद्दाम लावली. तिच्यावरची पट्टेवाली अळी असल्या चिकाच्या झाडांची पानंच खाते, नाही मिळाली तर उपाशी मरते. मग फुलपाखरू कुठून येणार? दर रविवारी श्रमदानाला येणाऱ्यांना हे सांगून त्यांचा घसा कोरडा पडला होता.

आता कुंपणाशी भोकं पडलेल्या, सुकत चाललेल्या पानांचा ढीग होता आणि त्यावर अळ्या वळवळत होत्या. रविवारच्या मंडळींचा म्होरक्या मकरंद, पुण्याहून आलेला इंजिनिअर. त्याचा मेसेज होता, ‘आज मारुतीला रुईच्या १०८ पानांची माळ. चांगली पानं घेतली, किडकी काढून टाकली. बागही क्लीन!’

सगुणाबाईंनी अळ्या वेचून डब्यात घेतल्या. चौदा भरल्या. तशाच त्या तरातरा देवळात गेल्या. माळ अजून तबकातच होती.

“या अक्का, आरतीला अगदी वेळेवर आलात,” मकरंद म्हणाला.

“गप रे! ह्यांच्या तोंडचा घास काढलास तू.” त्यांनी डबा त्याच्या नाकासमोर धरला.

“पण अक्का, ती पानं खराब झाली होती...”

“खाल्लेली होती! खाण्यासाठीच लावली होती ना रे ती?”

“मारुतीला रुईच लागते ना?”

“आमच्या घरचा मारुती पिढ्यानपिढ्या इथल्या कानडी रीतीप्रमाणे विड्याच्या पानांची माळ घालतोय. कधी रुसला नाही.”

त्यांनी तबकातली माळ उचलली. पुजारी बघतच राहिले. सगुणाबाईंना अडवायची कुणाची छाती झाली नाही.

बागेत येऊन त्यांनी माळ उघड्या फांद्यांना गुंडाळली आणि एकेक अळी पानांवर सोडली. मकरंद मागोमाग आलाच होता.

“ही पानं उद्यापर्यंत टिकतील,” त्या म्हणाल्या. “पुढे नवी पालवी फुटेपर्यंत रोज ताजी तू आणायचीस. होसकोट्याच्या रस्त्याला रुई आहे.”

“सरी अक्का, आणतो,” तो इथल्या कानडीत होकार देत पुटपुटला.

चौदातल्या तीन अळ्या हलल्याच नाहीत. सगुणाबाईंनी त्या उचलल्या आणि मकरंदच्या तळहातावर ठेवल्या.