काट्याला लावलेलं काजळ

भाचीचा, बबीचा, फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. "आत्या, आई गेली..." एवढंच ती बोलली. कळमनुरीजवळच्या आमच्या गावी पोचले, तर अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या बौद्धवाड्यातली माणसं असणारच. पण माळावरचा बंजाऱ्यांचा अख्खा तांडा उतरून आला होता. खांदा द्यायला सगळ्यांत पुढं तांड्यावरचा गणेश. आमच्या कौसल्यावहिनीचा थाटच असा, जातानाही सगळ्यांना कामाला लावून गेली!

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मोठा दुष्काळ सरला होता, पण लेकरांच्या हातापायांवर तो अजून दिसायचा. वहिनी सातवी शिकलेली, म्हणून नव्या बालवाडीवर तिला घेतलं. समाजमंदिराच्या ओट्यावर लेकरं गाणी म्हणायची, सुकडी म्हणजे सरकारी पौष्टिक खाऊ खायची. मी तिची धाकटी नणंद. शाळा सुटली की माझा मुक्काम तिथंच. मग एक दिवस टांगता काटा आला. लेकरांचं वजन करायचं आणि ज्याचं फारच कमी भरेल त्याला दुप्पट सुकडी द्यायची. तिथंच घोडं अडलं. आमच्याकडं दाणे तोलत, कापूस तोलत, लेकरू कुणी तोलत नसे. तोललेल्या लेकराला नजर लागते म्हणत. तांड्यावरच्या सोनीबाईचा गणेश तेव्हा दीड वर्षाचा, अजून धड बसतही नव्हता. त्याला पदराखाली दडवून ती उभी राहिली.

"न्हाई बाई, माझं लेकरू काट्याला न्हाई टांगायचं."

"अवं, तोलल्याबिगर जास्तीचं कसं देऊ मी?"

"अन् नजर लागून गेलं तर? तुमी आणून देसाल का?"

वहिनी एरवी कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. नजरबिजर ती मानत नव्हती, पण तिची पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. ते भय तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती... ती उठली, घरी गेली आणि तान्ह्या बबीला कडेवर घेऊन आली. मागून माझी आई ओरडत आली, "कौसे, येड लागलं का? एकुलतं लेकरू टांगून राहिलीस!"

वहिनीनं बोटावर काजळ घेतलं. बबीच्या गालाला लावील असं वाटलं, तर तिनं ते काट्याच्या तबकडीला फासलं. सासूला म्हणाली, "आत्याबाई, लागायची ती नजर ह्याला लागू द्या." आणि बबीला झोळीत ठेवलं. बबी मजेत पाय झाडत होती.

सोनीबाईनं गणेशवरचा पदर बाजूला सारला. मग म्हणाली, "माझ्या वक्ताला बी काजळ लावसाल?"

"व्हय. दर बारीला."

वहिनीनं शब्द पाळला. गणेशला दुप्पट सुकडी सुरू झाली, आणि पुढच्या पोळ्याला तो बैलांमागं पळत होता. तपासणीला आलेल्या बाईंनी विचारलं, काटा काळा काहून? वहिनी म्हणाली, "त्याबिगर चालत न्हाई तो." बाईसुद्धा हसल्या. मला तिचा अभिमान तेव्हाही होता, आज तर ऊर भरून येतो.

काटा निकामी झाल्यावर तिनं तो मागून घेतला. आजही तो तिच्या खोलीत आढ्याला टांगलेला आहे. परवा बबीची लेक आपलं तान्हं बाळ पहिल्यांदा वहिनीच्या घरी घेऊन आली. बबीनं काजळाची डबी उघडली. बाळाचा गाल तसाच ठेवून ती स्टुलावर चढली, आणि काट्यावरच्या जुन्या डागावर तिनं काजळाचं बोट टेकवलं.