चिखलासाठी घेतलेली जीप

आमच्या काकाच्या जीपमध्ये चढताना चपला काढून पिशवीत घालायला लागायच्या. देवळातसुद्धा इतकं सोवळं नसतं. सीटवरचं प्लास्टिक त्याने कधीच काढलं नाही. उन्हाळ्यात मांड्या चिकटायच्या, उठताना सोलून निघाल्यासारखं व्हायचं. वर पायाखाली पेपर. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे.

आमच्या कोपरी गावात त्याला सगळे फोरव्हील म्हणायचे. जीप घेण्याआधी वर्षभर त्याने ओटीवर बसून एकच दळण दळलेलं: घरच्या माणसांसाठी लांब गाडी घ्यायची, ती टू व्हील की फोर व्हील, म्हणजे मागची दोनच चाकं ओढणारी की चारही? माझे बाबा, म्हणजे त्याचे मोठे भाऊ, वैतागायचे. "अरे, आपल्याला लग्नाकार्याला कल्याण-डोंबिवली करायचं. चारही चाकं ओढून डांबरावर नांगर धरायचाय का?"

"दादा, हिच्या माहेरचा चिखल बघितलायस? पावसात बैल रुततो तिथे. हिची आई दम्याची. उद्या दवाखान्यात आणायची वेळ आली तर?"

काकूचं माहेर दिवा स्टेशनच्या पलीकडे, खाडीकाठी. शेवटचा तुकडा नुसती माती. एरवी पुरुषांच्या बोलण्यात न पडणारी काकू एका संध्याकाळी दारात येऊन म्हणाली, "भाऊजी, घेऊ द्या त्यांना. माझ्या आईसाठी घेतायत." फोर व्हील आली.

मग काय विचारता! गिअरशेजारी एक छोटा दांडा होता. तो ओढला की पुढची चाकंही ओढायला लागतात. आल्यागेल्याला काका तो दाखवायचा, हात मात्र लावू द्यायचा नाही. दसऱ्याला गाडीला एक हार आणि त्या दांड्याला वेगळा, वर हळदकुंकू. ओढला मात्र कधीच नाही. "उगाच झिजतो," म्हणायचा. आम्ही मासळीवर वाढलेली माणसं, पण जीपमध्ये मासळी वर्ज्य. काकू माहेरची सुकट घेऊन कुणाच्या तरी टेम्पोतून यायची आणि हा पुढे रिकामी जीप घेऊन. शी! आजही आठवलं की शिसारी येते.

बरं, माणूस दुष्ट असता तर सोपं होतं. मला गोवर आलेला तेव्हा कामधंदा सोडून उशाशी बसलेला, मऊ भात भरवलेला. माझा लाडका काका होता तो. म्हणून तर जास्त चीड येते.

श्रावणात काकूच्या भावाचा निरोप आला: आईला धाप लागलीय, गाडी घेऊन या. काका, काकू आणि मी तसेच निघालो. डांबर संपलं तिथे काकाने जीप थांबवली, उतरून छत्रीचं टोक चिखलात खुपसलं.

"मऊ आहे," तो म्हणाला.

"अहो, मऊ आहे म्हणून तर ही घेतलीत ना?" काकू म्हणाली.

"अगं, नवी गाडी. खाली काही लागलं, तुटलं तर? तुम्ही पुढे व्हा. खाटेवरून आणा त्यांना इथवर. मी गाडी वळवून ठेवतो."

काकूने त्याच्याकडे एकदा बघितलं, साडी खोचली आणि चालायला लागली. मी तिच्या मागे. घरी पोचलो तेव्हा तिची आई नुसती श्वास ओढत होती. चार जणांनी खाट उचलली, काकूने वर ताडपत्री धरली. अर्ध्या वाटेत तो श्वास थांबला. काकूने खाट खाली ठेवू दिली नाही. तशीच जीपपर्यंत आणायला लावली.

काका मागच्या सीटवर पेपर अंथरत होता. मागे न बघताच म्हणाला, "पाय पुसून बसा हं सगळ्यांनी."

काकू त्यानंतर त्या जीपमध्ये बसली नाही. भांडली नाही, माहेरी निघून गेली नाही, त्याला वेळेवर जेवायला वाढत राहिली. दसऱ्याला त्याने हळदकुंकू मागितलं की तबक उंबऱ्यावर ठेवायची आणि आत जायची.

काही वर्षांनी काका गेला, तोही ऐन पावसात. स्मशानाकडचा रस्ता तेव्हा खणून ठेवलेला, सगळा राडा. तिरडी बांधून झाली. काका अंगाने चांगला भरलेला, उचलणारे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी बाबा म्हणाले, "जीप काढा रे. फोर व्हील आहे, जाईल आरामात."

काकू भिंतीला टेकून बसलेली. तिने पदराने डोळे पुसले आणि अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"नको भाऊजी. चिखल आहे, गाडी खराब होईल. खांद्यावरून न्या."