मखमली कव्हरची ट्रायल

शिंपीकाकांचं दुकान बंद झालं, हात मात्र थांबायला तयार नव्हते. मिक्सरला कव्हर झालं, रेडिओला झालं, कात्रीलासुद्धा झालं. "बाबा, आता माझ्या अंगाला टेप लावू नका," सून म्हणायची. दुकान होतं तेव्हा काका प्रत्येक गिऱ्हाइकाला "गुरुवारी या" म्हणत. कुठल्या गुरुवारी, हे कुणालाच कळत नसे. घरी मात्र सगळं वेळेआधी तयार. इथं तगादा लावायला कुणीच नव्हतं.

सून घरांचे नकाशे काढायची. टेबलाखालच्या तिच्या कॉम्प्युटरचं काकांनी उंची, रुंदी, घेर असं रीतसर माप घेतलं आणि मरून मखमलीचं कव्हर शिवलं. आतून अस्तर, कडेला पायपिंग, मागे वायरींपुरतं भोक. इतकं सुंदर त्यांनी नवरदेवालाही शिवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटर काम करता करता अचानक बंद पडू लागला. नकाशा संध्याकाळी द्यायचा होता. सुनेनं आधी कव्हरकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि दुरुस्तीवाल्या बाईंना फोन केला.

बाई आल्या, खाली वाकल्या. "याला स्वेटर कुणी घातला?"

"मखमल आहे ती," काका म्हणाले.

बाईंनी कॉम्प्युटर चालू केला, नकाशाच्या कामाला लावला आणि पडद्यावर तापमानाचा आकडा दाखवला: शहाण्णव. कव्हर काढलं, झाकण उघडलं. "धुळीचा कण नाही! इतका स्वच्छ आणि इतका तापलेला कॉम्प्युटर मी पहिल्यांदाच बघतेय." पंखा पुढून हवा ओढतो, मागून गरम हवा फेकतो, दोन्ही वाटा मखमलीनं बुजल्या होत्या. आकडा हळूहळू बहात्तरवर येऊन थांबला.

"बहात्तर! आणि तुम्ही निवांत?" काका हादरले. "माणूस एकेचाळीसला बडबडायला लागतो."

"काका, हा माणूस नाही. नुसता बसून असला तर चाळीसच्या आसपास. कामाला जुंपला की सत्तर, ऐंशी. नव्वदच्या पुढे गेला की काळजी, आणि फारच तापला की जीव वाचवायला स्वतःच बंद होतो. चालू असताना उघडाच ठेवा."

बाई गेल्या. काकांनी कव्हर उचललं, छातीशी धरलं. दुपारभर त्यांनी कागदाची पट्टी कॉम्प्युटरभोवती फिरवली. पुढे ती चिकटली, मागे फडफडली. तिथं तिथं त्यांनी खडूनं खुणा केल्या आणि आपल्याच मखमलीला कात्री लावली. कापलेल्या जागी जाळी बसवली. सुनेला ते बघवेना. तिनं नकाशा पाठवून टाकला आणि म्हणाली, "घाला बाबा. पुढचा नकाशा घेते कामाला."

दोघं आकड्याकडे बघत बसले. चौऱ्याहत्तर. सत्त्याहत्तर. एकोणऐंशीवर थांबला.

"चालेल की," सून म्हणाली. "बाईंच्या हिशेबात बसतंय. राहू दे."

काकांनी बोटांवर हिशेब केला. "उघड्यापेक्षा सात जास्त. म्हणजे कुठंतरी दाटतंय." त्यांनी स्वतःच कव्हर काढलं, घडी घातली आणि चष्म्यावरून सुनेकडे पाहिलं. "थोडं सैल करावं लागेल. गुरुवारी ट्रायल घेऊ."

"कुठल्या गुरुवारी?"

"अहो, गुरुवारी म्हटलं ना!"

सुनेनं मान खाली घालून हसू दाबलं. कॉम्प्युटर अजून उघडाच आहे. ती दर बुधवारी न चुकता विचारते, "बाबा, उद्या मिळेल ना?" आणि काका वैतागून म्हणतात, "फार घाई असते बुवा लोकांना."